बैल, बाग, मोटार, मंगळसूत्र: जंगम मालमत्तेची मालकी कशी ठरते आणि कशी जपायची

औसा तालुक्यातले एक काका मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे आले. तीन एकर जमीन विकली होती, खरेदीखत झालं होतं, पैसेही खात्यावर आले होते. भांडण होतं ते विहिरीतल्या साडेसात एचपीच्या मोटारीचं. काका म्हणत होते, "वकीलसाहेब, जमीन विकली, मोटार कुठं विकली?" घेणारा म्हणत होता, "विहीर माझी झाली, मग आतली मोटार कुणाची?" खरेदीखत बारा पानांचं होतं. त्यात चतुःसीमा होत्या, झाडं होती, पाण्याच्या पाळीचा उल्लेख होता. मोटारीबद्दल मात्र एक शब्द नव्हता.

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना हेच चित्र सारखं दिसतं. सातबारा आणि फेरफार माणूस प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पेटीच्या तळाशी जपतो. पण लाखाच्या वरची बैलजोडी, सत्तर कट्टे सोयाबीन, लेकीला घातलेलं दहा तोळे सोनं यांचा कागद विचारला की घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. जंगम मालमत्तेचा सातबारा तलाठी देत नाही. तो आपणच, व्यवहाराच्या दिवशी, करून ठेवायचा असतो. तो कसा करायचा, आणि त्याआधी कायदा या वस्तूंकडे कसा बघतो, हे इथे पायरीपायरीने सांगतो.

पायरी १: वस्तू स्थावर की जंगम, हे आधी ठरवा

कायद्याने जंगम मालमत्तेची लांबलचक यादी केलेली नाही. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात स्थावर म्हणजे काय ते सांगितलं आहे: जमीन, जमिनीतून मिळणारे लाभ, आणि जमिनीला जोडलेल्या किंवा जोडलेल्या गोष्टीला कायमच्या बसवलेल्या वस्तू. यात न बसणारं सगळं जंगम. त्यामुळे प्रश्न नेहमी असा विचारायचा: ही वस्तू स्थावर आहे का? नसेल तर ती जंगम.

शेतात मात्र हे वाटतं तेवढं सरळ नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने उभं पीक, गवत आणि तोडीला आलेलं इमारती लाकूड स्थावरातून वगळलं आहे. म्हणजे शेतात उभी असलेली तूर किंवा ऊस मुळासकट जमिनीत असला तरी विक्रीपुरता जंगम आहे. बांधावरच्या झाडाचं काय? १९५८ साली शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी हा फरक स्पष्ट केला. जे झाड जमिनीतून पोषण घेत पुढेही वाढत राहायचं आहे, ते स्थावर. जे लाकूड म्हणून वापरण्याजोगं झालं आहे आणि लवकरच तोडायचं आहे, ते जंगम. त्यामुळे फळं देणारा आंबा स्थावर, आणि व्यापाऱ्याला तोडणीसाठी विकलेली जुनी बाभूळ जंगम. (झाड आपल्या मालकीचं असलं तरी तोडायला परवानगी लागू शकते. त्यासाठी १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोड नियमन कायदा वेगळा आहे.)

जालना आणि छत्रपती संभाजीनगरकडचे मोसंबीवाले शेतकरी बाग बागवानाला, म्हणजे फळांच्या व्यापाऱ्याला, उक्ती (ठोक रकमेत) देतात. झाडावरची फळं १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे जंगम आहेत, म्हणून एका बहराच्या सौद्याला दुय्यम निबंधकाकडे जावं लागत नाही, साधा लेखी करार चालतो. पण त्याच बागवानाला पाच वर्षं बागेत येऊन फळं नेण्याचा हक्क दिला, तर तो जमिनीतून मिळणाऱ्या लाभाकडे झुकतो आणि स्थावर ठरू शकतो. मासेमारीचंही तसंच. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने चिल्का सरोवराच्या प्रकरणात ठरवलं की पाण्यात शिरून मासे धरून नेण्याचा हक्क हा जमिनीतून मिळणारा लाभ आहे. शेततळ्यातले पकडून टोपलीत टाकलेले मासे विकणं वेगळं आणि तळं मासेमारीला ठरावीक काळ देणं वेगळं. पहिल्याला पावती पुरते. दुसऱ्यासाठी नोंदणीकृत दस्त करा.

आता मोटार. जमिनीला जोडलेल्या वस्तूबद्दल न्यायालयं दोन गोष्टी बघतात: ती किती घट्ट जोडली आहे, आणि कशासाठी जोडली आहे. नट सोडून, दोर लावून वर काढता येणारी मोटार आणि सिमेंटच्या चौथऱ्यात कायमची बसवलेली यंत्रसामग्री यांत फरक पडतो. वस्तू जमिनीच्या कायमच्या उपयोगासाठी बसवली की मालकाच्या तात्पुरत्या सोयीसाठी, हेही बघितलं जातं. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ८ सांगतं की जमीन विकली की जमिनीला जोडलेल्या वस्तूही तिच्याबरोबर जातात, मात्र खतातून वेगळा हेतू दिसत असेल तर तो मानला जातो. काकांच्या प्रकरणात शेवटी तडजोड झाली. मोटार आणि केबल काकांनी नेली, जमिनीत गाडलेली पाइपलाइन आणि स्टार्टरची खोली घेणाऱ्याकडे राहिली. खरेदीखतात "मोटार, स्टार्टर, ठिबकचे पाइप, सौर पंप, उभं पीक यांपैकी अमुक विक्रीत समाविष्ट, अमुक नाही" एवढं एक वाक्य असतं, तर दोघांच्या आठ महिन्यांच्या खेपा वाचल्या असत्या.

हे ठरवण्यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराच्या विक्रीला नोंदणी लागते, जंगमाच्या विक्रीला लागत नाही. मालकी हक्काने स्थावराचा ताबा मागायला साधारण बारा वर्षं मिळतात, जंगमाला तीनच. चोरीचा गुन्हाही जंगमाचाच होतो. उभं झाड चोरता येत नाही, पण तोडलं की त्या क्षणापासून ते चोरीची वस्तू बनू शकतं.

पायरी २: जंगमातला कोणता प्रकार, ते बघा

सगळं जंगम एकसारखं नसतं. १९३० च्या मालविक्री कायद्यात "माल" म्हणजे पैसे आणि दाव्याने वसूल करायचं येणं सोडून बाकी सगळी जंगम मालमत्ता. शेअरही यात येतात आणि उभं पीकही.

तुमच्या हातातली वस्तू नेमकी आहे की मोघम, हे सर्वांत महत्त्वाचं. "हा कपाळावर पांढरा ठिपका असलेला खिल्लार" ही नेमकी वस्तू झाली. "वीस क्विंटल तूर" मोघम आहे, कारण कोणती तूर ते अजून वेगळं काढलेलं नाही. "येत्या दिवाळीचं सोयाबीन" हा भावी माल. मोघम मालाची मालकी तो वेगळा काढून निश्चित होईपर्यंत कुणाकडेही जात नाही, मग इसार दिलेला असो वा नसो. भावी मालाचा तर आज फक्त विक्रीचा करार होऊ शकतो, विक्री नव्हे.

दुकानदाराकडून येणारी उधारी हीसुद्धा मालमत्ता आहे, पण ती हातात धरता येत नाही. ती दुसऱ्याच्या नावे करायची तर सहीनिशी लेखीच करावी लागते. गोदामाची पावती मधेच कुठेतरी बसते: तो कागद आहे, पण मालाची मालकी दाखवणारा कागद आहे. सरकारी किंवा नोंदणीकृत वखारीत सोयाबीन ठेवून भावाची वाट बघणाऱ्यांनी ती पावती चेकबुकासारखी सांभाळावी, कारण हस्तांतरणीय पावतीवर सही करून दिली की माल तिथेच राहतो आणि मालक बदलतो.

पायरी ३: मालकी नेमकी कोणत्या क्षणी गेली, ते शोधा

माझ्याकडे येणाऱ्या भांडणांतली निम्मी याच क्षणावर अडलेली असतात, म्हणून इथे जरा थांबतो.

नेमकी, देण्याजोगी तयार वस्तू असेल आणि सौद्यात अट नसेल, तर सौदा पक्का झाला त्याच क्षणी मालकी घेणाऱ्याकडे जाते. पैसे नंतर द्यायचे ठरले असले तरी, वस्तू उद्या न्यायची असली तरी. मालविक्री कायद्याचं कलम २० हेच सांगतं, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते पटत नाही. माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी बैलाचा सौदा झाला, घेणारा म्हणाला "सकाळी पैसे देतो, बैल नेतो", आणि रात्री बैल सापाने मेला. विकणाऱ्याने हयगय केली नसेल तर नुकसान घेणाऱ्याचं, कारण कलम २६ प्रमाणे जोखीम मालकीबरोबर चालते. बैल मेला तरी किंमत द्यावी लागेल.

याची दुसरी बाजू शेतकऱ्याला जास्त दुखावणारी आहे. कापूस उधारीवर देऊन गाडी निघून गेली की मालकी गेली. व्यापारी बुडाला तर तुम्ही मालाचे मालक म्हणून उभे राहू शकत नाही, येणेकरी म्हणून रांगेत उभे राहता. त्यामुळे दोनपैकी एक करा. पैसे मिळेपर्यंत ताबा सोडू नका. न मिळालेल्या किमतीसाठी माल अडवून ठेवण्याचा हक्क विकणाऱ्याला आहे, पण तो ताबा हातात असेपर्यंतच. नाहीतर पावतीवर लिहा: "पूर्ण रक्कम मिळेपर्यंत मालाची मालकी विकणाऱ्याकडेच राहील." कलम २५ अशी अट घालू देतं. व्यापारी कुरकुरेल. तरी लिहा.

मापाचा प्रश्न असेल तर नियम बदलतो. माल ठरलेला आहे, पण किंमत काढण्यासाठी विकणाऱ्याने वजन करून देणं बाकी आहे, अशा वेळी वजन होऊन घेणाऱ्याला कळेपर्यंत मालकी विकणाऱ्याचीच. लातूरच्या आडत बाजारात ढिगाचा लिलाव दुपारी झाला, भाव क्विंटलवर ठरला, मापाड्याचा काटा संध्याकाळी लागायचा आहे आणि मधेच अवकाळी पाऊस आला, तर भिजलेलं सोयाबीन कुणाचं, हा वाद इथून सुरू होतो. खेडा खरेदीत व्यापारी स्वतःचा काटा घेऊन दारात येतो. तिथे वजन करणं हे घेणाऱ्याचं काम असेल, तर हा नियम विकणाऱ्याला तसाच लागू होत नाही. म्हणून सौदापट्टीवर वजन कुणी, कधी करायचं आणि तोवर माल कुणाच्या जोखमीवर, हे एका ओळीत असू द्या. काटापट्टी आणि हिशोबपट्टी दोन्ही घ्या. नुसता वहीतला आकडा घेऊन परत येऊ नका.

बक्षिसाचा क्षण वेगळा असतो. जंगम वस्तूचं बक्षीस दोन मार्गांनी पूर्ण होतं: नोंदणीकृत बक्षीसपत्राने, किंवा वस्तू प्रत्यक्ष हाती देऊन. आजी सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्या पाटल्या माझ्या नातीच्या," आणि पाटल्या स्वतःच्याच पेटीत ठेवल्या, तर बक्षीस अपुरं राहिलं. आजीच्या मागे त्या सगळ्या वारसांच्या होतात. मुस्लिम कुटुंबांत हिबा, म्हणजे बक्षीस, तोंडी चालतो, पण तिथेही देणं जाहीर करणं, स्वीकारणं आणि ताबा देणं या तिन्ही गोष्टी लागतात.

पायरी ४: ताबा आणि मालकी वेगळी करून बघा

मालकी ही एक काठी नाही, हक्कांची मोळी आहे: जवळ ठेवणं, वापरणं, तिचं उत्पन्न घेणं, विकणं, गहाण टाकणं, दुसऱ्याला अडवणं. मोळीतल्या काही काड्या दुसऱ्याच्या हाती दिल्या तरी मालक तुम्हीच राहू शकता.

तुमची गाय पाहुण्याकडे सांभाळायला दिली आणि ती तिथे व्याली, तर वासरू कुणाचं? १८७२ च्या करार कायद्यात नेमकं हेच उदाहरण दिलेलं आहे: वेगळं ठरलं नसेल तर गाईबरोबर वासरूही परत करायचं. आपल्याकडे उस्मानाबादी शेळ्या अर्ध्या वाट्याने पाळायला देतात, तिथे पिल्लं वाटून घ्यायची रीत आहे. म्हणजे रीत कायद्याच्या सर्वसाधारण नियमाच्या उलट आहे, आणि म्हणूनच ती लिहून ठेवावी लागते. किती शेळ्या, कानाला टॅग असल्यास त्याचा नंबर, पिल्लांची वाटणी कोणत्या महिन्यात, शेळी मेली तर काय.

सोनं गहाण ठेवलं की ताबा सावकाराकडे किंवा बँकेकडे जातो, मालकी तुमचीच राहते. थकलं तरी वाजवी पूर्वसूचना दिल्याशिवाय ते विकता येत नाही, आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत पैसे भरून सोडवण्याचा हक्क तुमचा असतो. सावकाराकडे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवाना आहे का, हे दागिना देण्याआधी बघा. नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते.

ट्रॅक्टरचं कर्ज म्हणजे नजरगहाण: ताबाही तुमचा, पण आरसीवर बँकेचा बोजा. कर्ज फिटल्यावर ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन तो बोजा उतरवून घ्या. पुष्कळ लोक शेवटचा हप्ता भरून थांबतात, आणि विकायच्या वेळी अडकतात. गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलल्याशिवाय चावी दिली, तर मालविक्री कायद्याने गाडी त्याची झाली असेल, पण अपघात झाल्यास भरपाईसाठी नोंदणीत नाव असलेल्यालाच मालक धरलं जातं. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे.

पायरी ५: विकणाऱ्याची मालकी तपासा

स्वतःकडे नसलेली मालकी कुणी दुसऱ्याला देऊ शकत नाही. चोरीचा बैल तुम्ही भरबाजारात, पूर्ण किंमत देऊन, अगदी प्रामाणिकपणे घेतला असला तरी खरा मालक आला की तो सोडावा लागतो. तुमचा हक्क विकणाऱ्याकडून पैसे परत मागण्याचा उरतो, आणि त्यासाठी विकणारा सापडला पाहिजे. बाजार समितीची पावती, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि जनावराचा टॅग नंबर का घ्यायचा, ते इथे कळतं. अपवाद आहेत. मालकाने स्वतःच कागदपत्रांसह माल ताब्यात दिलेल्या आडत्याने तो नेहमीच्या व्यवहारात विकला, किंवा फसवून घेतलेला माल व्यवहार रद्द होण्याआधी पुढे विकला गेला, तर भल्या विश्वासाने घेणाऱ्याला संरक्षण मिळू शकतं.

वस्तू ज्याच्या ताब्यात आहे तोच मालक, असं पुराव्याचा कायदा आधी धरून चालतो, आणि नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं असतं. कागद नसेल तर हे ओझं तुमच्याच डोक्यावर येतं.

पायरी ६: स्त्रीधनाची यादी करा

लग्नात लेकीच्या अंगावर घातलेलं सोनं, आहेरातली भांडी, तिला मिळालेलं कपाट, शिलाई मशीन हे सगळं तिचं आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १४ तिला पूर्ण मालक ठरवतं आणि त्यात जंगमाचाही स्पष्ट उल्लेख आहे. प्रतिभा राणी खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नवरा त्यात सहमालक होत नाही. सासरच्यांकडे ते सांभाळायला असतं, आणि परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. मुस्लिम पत्नीची मेहर हेही तिचं स्वतःचं येणं आहे.

हे कायदे पुस्तकात आहेत तेवढे घरात पोहोचलेले नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वर्षभराचं लेकरू कडेवर घेऊन आलेल्या बाईला मी विचारतो, "ताई, काय काय होतं?" ती बोटांवर मोजते: गंठण, पाटल्या, एकदाणी, जोडवी. वजन सांगता येत नाही, सराफाची पावती बापाने कुठे ठेवली ते आठवत नाही.

हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नाच्या वेळी भेटींची यादी लेखी करायची असते: वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, त्याचं नातं, आणि वधूवर दोघांच्या सह्या. ती लग्नाच्या मांडवातच करा. एखाद्या जाणत्या मामाला किंवा आत्याला ते काम नेमून द्या. सराफाची पावती मुलीच्या नावावर घ्या, बापाच्या नाही. दागिने घातलेले फोटो तर निघतातच. त्यांची एक प्रत माहेरी आणि एक मुलीच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये राहू द्या.

पायरी ७: वस्तू दुसऱ्याने अडवली तर

आधी लेखी मागणी करा, स्पीड पोस्टाने. पोचपावती सांभाळा. ठेवलेल्या किंवा गहाण वस्तूसाठी तीन वर्षांची मुदत नकार मिळाल्यापासून सुरू होते, म्हणून नकार कधी मिळाला हे दाखवता आलं पाहिजे. चोरीला गेलेल्या वस्तूसाठी ती कुणाकडे आहे हे कळल्यापासून तीन वर्षं. मुदत गेली की नुसता दावा जात नाही, मुदत कायद्याच्या कलम २७ प्रमाणे हक्कच संपतो.

दाव्यात शक्यतो तीच वस्तू परत मागा. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याची कलमं ७ आणि ८ त्यासाठी आहेत. पैशाने भरून न येणाऱ्या वस्तूसाठी, जसं पणजीची पैठणी किंवा देव्हाऱ्यातले टाक, न्यायालय वस्तूच द्यायला लावू शकतं. पोलिसांनी मुद्देमाल म्हणून जप्त केलेली गाडी किंवा जनावर सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याची हमी लिहून देऊन, परत मागता येतं, त्यासाठी खटला संपायची वाट बघू नका.

आणि जप्तीचा बेलिफ दारात आला तर घाबरून सगळं बाहेर काढून देऊ नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, शेतकऱ्याची औतं, पोट भरायला लागणारी जनावरं आणि बियाणं, कारागिराची हत्यारं, आणि रूढीप्रमाणे बाईला अंगावरून काढता न येणारे अलंकार जप्त होत नाहीत. शेजाऱ्याची किंवा भावाची वस्तू चुकून जप्त झाली तर त्याने स्वतः त्याच न्यायालयात हरकत अर्ज द्यायचा.

कागदाचा एक नमुना

बैलासाठी मी अशिलांना देतो तो मजकूर हा. वस्तूप्रमाणे बदलून घ्या.

"आज दिनांक ____ रोजी मी ____, रा. ____, माझ्या मालकीचा बैल, रंग ____, शिंगं ____, वय अंदाजे ____, कानातला टॅग नंबर ____, रुपये ____ ला ____, रा. ____ यांना विकला. रक्कम रुपये ____ रोख/खात्यावर मिळाली, बाकी रुपये ____ दिनांक ____ पर्यंत द्यायची. बाकी फिटेपर्यंत मालकी माझीच राहील. बैल आज ताब्यात दिला. इथून पुढे त्याची जोखीम घेणाऱ्याची. बैलावर कुणाचं गहाण, बोजा वा हक्क नाही. असा हक्क निघाल्यास रक्कम परत करीन."

विकणारा, घेणारा आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या किंवा अंगठे, आणि सगळ्यांचे मोबाईल नंबर. बैलासोबत दोघांचा एक फोटो त्याच जागी काढा, म्हणजे तारीख आणि वेळ फोनमध्ये आपोआप नोंदली जाते. कागदाच्या दोन प्रती करा. एक घेणाऱ्याची, एक विकणाऱ्याची, आणि ती सातबाऱ्याच्याच पिशवीत ठेवा.